हिरव्या आभाळाचा फोटो खरा की खोटा?

हल्ली थंडीच्या दिवसांत कॉलेजात जाणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर एक चित्र हमखास येते. काळेभोर आभाळ, खाली बर्फाने पांढरे झालेले डोंगर, मधे समुद्र, आणि वर कुणी हिरवेगार लुगडे वाळत घालावे तसा प्रकाशाचा लांबलचक पट्टा. पोरगा ते चित्र आजीपुढे धरतो. आजी चष्मा पुसून बघते आणि म्हणते, "असलं आभाळ कुठं असतंय व्हय? रंग भरलेत कुणीतरी."

आजीची शंका हसण्यावारी नेऊ नका. पुष्कळ पैसे खर्चून, त्या चित्राच्या ओढीने तिकडे जाणारे प्रवासीसुद्धा पहिल्या रात्री हेच म्हणतात. आभाळात फिकट, राखाडी ढगासारखे काहीतरी दिसते आणि त्यांना वाटते, आपण फसलो. मग शेजारचा माणूस आपला कॅमेरा दाखवतो, तर त्यात तोच ढग हिरवा! आता खरे कोणाचे मानायचे, डोळ्याचे की कॅमेऱ्याचे?

आज आपण याच प्रश्नाचा छडा लावू. त्यासाठी ऐन हिवाळ्यात नॉर्वे देशाच्या किनाऱ्याने बोटीचा प्रवास करावा लागेल. घोंगडी पांघरा आणि चला.

हा उजेड येतो कुठून?

सूर्याकडून आपल्याला ऊन मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण उन्हाखेरीज सूर्याकडून विद्युतभार असलेल्या अतिसूक्ष्म कणांचा एक वाराही सतत सुटलेला असतो. त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे आणि त्याचे बळ या वाऱ्याला बांध घालते. ओढ्याचे पाणी बांधाला थटून कडेने निघून जावे, तसे बहुतेक कण बाजूने निघून जातात. काही मात्र पृथ्वीच्या रात्रीच्या अंगाला लांबलेल्या चुंबकीय शेपटीत अडकतात आणि तेथून वेग घेऊन ध्रुवांजवळच्या मुलखावर उतरतात.

उतरताना ते वरच्या विरळ हवेवर आदळतात आणि हवा उजळते. जमिनीपासून १०० ते १५० किलोमीटर उंचीवर प्राणवायू हिरवा उजेड देतो. २०० किलोमीटरच्या वर तोच प्राणवायू तांबडा उजेड देतो. पट्ट्याच्या खालच्या काठाला कधी गुलाबी किंवा जांभळी किनार दिसते, ती नत्रवायूची. युरिया टाकून आपण पिकाला जे नत्र देतो, तेच नत्र तिथे वायुरूपात असते. या साऱ्या खेळाला ध्रुवीय प्रकाश म्हणतात.

हा प्रकाश नेमक्या ध्रुवावर नसतो. डोक्यावर हंडा घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात ना? पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती तशीच एक प्रकाशाची चुंबळ असते. नॉर्वेचा उत्तर किनारा बरोबर या चुंबळीखाली येतो. म्हणून हौशी लोक तिकडे धाव घेतात.

टपाल वाहणारी बोट

नॉर्वेचा किनारा म्हणजे डोंगर आणि खाड्या यांचा नुसता गुंता. गावे बेटांवर आणि खाड्यांच्या तोंडाशी विखुरलेली. थोडी शेती, चार मेंढ्या आणि मासेमारी यांवर पिढ्यान्‌पिढ्या घरे चालली. रस्ते नव्हते. त्या काळी मध्य नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमहून उत्तरेच्या हॅमरफेस्टला पत्र जायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागत, असे सांगतात. अंधारात खडकाळ किनाऱ्याने बोट हाकायला कोणी धजत नसे.

रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ते अंगावर घेतले. २ जुलै १८९३ रोजी त्यांची 'व्हेस्टेरोलेन' ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टला निघाली. वाट होकायंत्र, घड्याळ आणि काटेकोर नोंदी यांच्या आधाराने काढायची, हा त्यांचा मार्ग. तेव्हापासून या मार्गाला 'हुर्टिगरुटेन' म्हणजे जलद मार्ग असे नाव पडले. आपल्याकडे आडगावच्या माणसाला एस.टी.चा जसा आधार, तसा तिकडच्या किनाऱ्याला या बोटीचा.

आज २०२१ पासून दोन कंपन्या हा मार्ग चालवतात. दक्षिणेच्या बर्गनहून निघायचे, रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसला पोचायचे आणि परत फिरायचे. वाटेत ३४ बंदरे आणि सारा प्रवास १२ दिवसांचा. बोटीवर कॅमेरे घेतलेले पाहुणे असतात, तसेच पुढच्या बंदरात उतरणारे गावचे लोक आणि तळाशी मालाच्या पेट्याही असतात.

चौथ्या दिवशी सकाळी बोट उत्तर ध्रुववृत्त ओलांडते. दुपारी बुडो बंदर सोडले की रुंद, मोकळी व्हेस्टफ्योर्ड खाडी लागते. हिवाळ्यात तोवर अंधार पडलेला असतो. समोर लोफोटेन बेटांचे डोंगर भिंतीसारखे उभे. जानेवारी ते एप्रिल या काळात कॉड मासा बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला या बेटांजवळ येतो. आपल्या कोकणात बोंबील वाळत घालतात, तसा तिथे कॉड लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात वाळवतात. किनाऱ्याने कोमट पाण्याचा सागरी प्रवाह वाहतो, म्हणून एवढ्या उत्तरेलाही ही बंदरे गोठत नाहीत आणि बोट बारमाही चालते.

पुढे ट्रॉम्सो शहर. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा निळसर उजेड, बाकी रात्रच. डोंगराआडून सूर्य पुन्हा दिसू लागतो तो साधारण २१ जानेवारीला. त्या दिवशी घरोघर मुरंबा भरलेले, तेलात तळलेले गोड पाव खातात. सूर्याच्या स्वागताचे हे पक्वान्न आपल्या घरातल्या बायामाणसांना नक्की आवडेल.

आधी हात टेकलेले लोक

बटण दाबले की फोटो, असे आता वाटते. पण या उजेडाने भल्याभल्यांना थकवले आहे. सोफुस ट्रॉमहोल्ट हे मूळचे डेन्मार्कचे गृहस्थ. १८८२-८३ चा हिवाळा त्यांनी नॉर्वेच्या उत्तरेकडील काउटोकेइनो या गावी, रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांमध्ये काढला. ध्रुवीय प्रकाशाचा फोटो काढायचा, हा त्यांचा ध्यास. काचेची पट्टी कॅमेऱ्यात घालून ते रात्री उभे राहिले, पण काच कोरीच राहिली. उजेड फार मंद आणि शिवाय सतत हलणारा. तेवढा उजेड टिपण्याची ताकद त्या काळच्या काचेवरच्या लेपात नव्हती. तरी ते रिकाम्या हाताने परतले नाहीत. त्यांनी तिथल्या सामी माणसांचे फोटो काढले, आणि आज तेच मोलाचे ठरले आहेत.

पुढे १८९२ साली मार्टिन ब्रेंडेल या जर्मन माणसाला उत्तर नॉर्वेतल्या बॉसेकोप येथे पहिले बरे फोटो मिळाले. त्याच बॉसेकोपला १९१० साली गणिताचे प्राध्यापक कार्ल स्टॉर्मर गेले. त्यांनी काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे लावले, दोन्ही ठिकाणे टेलिफोनने जोडली आणि एकाच क्षणी दोन फोटो घेतले. अंगठा डोळ्यांपुढे धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटून बघा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. तसाच दोन फोटोंत तो उजेड मागच्या चांदण्यांवर सरकलेला दिसला आणि त्यावरून त्याची उंची काढता आली. बहुतेक पट्ट्यांचा खालचा काठ १०० किलोमीटरच्या आसपास निघाला. म्हणजे हा फोटो आधी शास्त्राच्या कामी आला आणि हौसेच्या कामी नंतर.

झऱ्याखालची कळशी

आता मुख्य गोष्ट. ऐन उन्हाळ्यात विहीर आटली की खडकातून करंगळीएवढी धार येते. ओंजळ धरली तर एक घोट मिळतो. पण कळशी लावून धीर धरला तर ती भरते. पाणी तेच, धार तीच. फरक साठवण्याचा.

आपला डोळा म्हणजे ओंजळ. क्षणाक्षणाला आलेला उजेड तो बघतो आणि सोडून देतो. त्यातून अंधारात डोळ्याचा जो भाग काम करतो, त्याला रंग कळत नाहीत. चांदण्यात शेतात उभे राहून पिवळे फूल आणि लाल फूल ओळखून बघा, म्हणजे पटेल. कॅमेरा म्हणजे कळशी. त्याची झडप दोन, पाच, दहा सेकंद उघडी ठेवली की तेवढ्या वेळाचा उजेड एकाच चित्रात साठतो आणि मंद हिरवाही ठळक होतो.

कळशी लवकर भरायची तर धार मोठी हवी. म्हणून भिंगाचे तोंड जितके उघडेल तितके उघडे ठेवतात. कॅमेऱ्यावर एफ २.८ किंवा त्याहून लहान आकडा लिहिलेला असतो. आकडा लहान तितके तोंड मोठे. आभाळाचा मोठा तुकडा मावावा म्हणून रुंद दृष्टीचे भिंग लावतात. शिवाय आयएसओ नावाचा आकडा १६०० पासून ६४०० पर्यंत वाढवतात, त्याने मंद उजेडही उठून दिसतो. फार वाढवला तर चित्रावर रवाळ दाणे उमटतात.

जमिनीवर हे सोपे आहे. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, दहा सेकंद झडप उघडी ठेवा, झाले. पण आपण बोटीवर आहोत ना!

हलत्या कळशीची अडचण

बोट पुढे जाते, लाटांवर डुलते, आणि खालचे इंजिन सगळी फळी थरथरवत असते. दहा सेकंद झडप उघडी ठेवली तर चांदण्यांचे ठिपके न उमटता गांडुळे उमटतात. तिकाटण्यानेही भागत नाही, कारण तेही बोटीबरोबरच हलते. म्हणून बोटीवर कळशी थोडाच वेळ लावायची: एक ते दोन सेकंद, फार तर चार. त्याची भरपाई मोठ्या तोंडाच्या भिंगाने आणि वाढवलेल्या आयएसओने करायची. एकामागून एक पुष्कळ फोटो घ्यायचे. लाट चढून उतरताना मधे क्षणभर बोट स्थिरावते, त्या क्षणाचा एखादा चांगला निघतो. हल्लीच्या चांगल्या मोबाईलमध्ये रात्रीच्या फोटोची सोय असते. तो अनेक लहान लहान फोटो घेऊन आपणच एकत्र जुळवतो. त्यानेही बरे चित्र मिळते.

अनुभवी लोक आणखी काही गोष्टी सांगतात. दिवसाउजेडीच सगळ्या फळ्या फिरून अंधारी, वाऱ्याच्या आडोशाची जागा हेरून ठेवावी. बोटीवरच्या दिव्याचा उजेड भिंगात शिरला की चित्र बिघडते. कॅमेरा आपोआप नेम धरू शकत नाही, म्हणून एखाद्या ठळक चांदणीवर हाताने नेम धरावा. बटण दाबताना हात हलतो, तेव्हा दोन सेकंदांनी झडप आपोआप उघडेल अशी कळ लावावी. कठड्याला टेकू नये, तोच सर्वांत जास्त थरथरतो. बोट बेटांच्या आडोशाने शांत पाण्यातून चालली असेल तेव्हा, किंवा बंदराला लागून इंजिन मंद झाले असेल तेव्हा जास्त वेळ झडप उघडी ठेवून बघावी.

आणि काळोख्या समुद्राबरोबर चित्रात काहीतरी ओळखीचे घ्यावे. बोटीचा डोलकाठीसारखा खांब, बर्फाचा डोंगर, किनाऱ्यावरच्या घरातला एकुलता एक दिवा. नाहीतर हिरवा डाग किती मोठा, हे बघणाऱ्याला कळणार कसे? चांदणे असले तर उजेड थोडा फिका पडतो, पण डोंगर उजळून निघतात. दोन्हीची आपापली शोभा आहे.

थंडीशी गाठ

थंडीचे मात्र हसू करू नका. किनाऱ्यावर पारा शून्याच्या थोडा खाली असला तरी चालत्या बोटीवरचा वारा हाडांपर्यंत जातो. फळीवर पाणी उडून त्याचा बर्फ होतो, आणि नजर आभाळाकडे असलेल्या माणसाचा पाय घसरतो. त्या पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत हातपाय हलवेनासा होतो. म्हणून खरबरीत तळाचे बूट, एकावर एक कपडे, लोकरीची टोपी आणि बोटे मोकळी करता येतील असे हातमोजे हवेत. एक हात कॅमेऱ्याला आणि एक हात धरायला, हा तिथला नियम आहे. कोणताही फोटो जिवापेक्षा मोठा नाही.

थंडीत बॅटरी लवकर उतरते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी आणि अदलाबदल करावी. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो, तसा थंड कॅमेरा उबदार खोलीत आणला की आतूनबाहेरून घामेजतो आणि खराब होऊ शकतो. तेव्हा बाहेरच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि आत आणल्यावर तास-दोन तास पिशवी उघडू नये.

वाट बघणे आले

एवढी तयारी केली म्हणजे उजेड दिसेलच का? नाही. हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. सूर्यावरचे डाग दर सुमारे ११ वर्षांनी वाढतात व कमी होतात. २०२४ च्या सुमारास ते वाढलेले होते, तेव्हा प्रकाशही जोरात होता. सूर्यावर मोठा स्फोट झाला की त्याचे कण एक ते तीन दिवसांत पृथ्वीवर पोचतात, त्यामुळे थोडा अंदाज बांधता येतो. नक्की खबर यायला फार तर तासभर आधीची सवड मिळते. आणि सगळे जुळून आले तरी वर ढग असले की संपले!

मृग कोरडा गेला की रोज संध्याकाळी पश्चिमेकडे बघत बसणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पण फरक आहे. त्यांचा उजेड नाही आला तर फक्त हौस राहते. आपला पाऊस नाही आला तर वर्ष जाते.

म्हणून बोटीवर लोक कपडे अंगात ठेवूनच पडतात. उजेड दिसला की कप्तानाच्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर पुकारा होतो, आणि जेवणाचे ताट असो वा झोप, सगळे सोडून माणसे वर धावतात. कधी दहा मिनिटांत खेळ आटोपतो, तर कधी पट्टा थरथरत, वळत, पडद्यासारखा आभाळभर पसरतो. जुनी माणसे मुलांना बजावत असत, "त्याच्याकडे बघून शीळ घालू नका, पांढरे फडके हलवू नका, तो खाली येऊन घेऊन जाईल." आपल्याकडे तिन्हीसांजेला शीळ घालू देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

आजीला उत्तर काय द्यायचे?

उजेड जोरात असला की नुसत्या डोळ्यांनाही हिरवा आणि गुलाबी रंग स्पष्ट दिसतो. मंद असला की डोळ्यांना राखाडी दिसतो आणि कॅमेऱ्याला हिरवा. हिरवा रंग तिथे असतोच, आपली ओंजळ लहान पडते. तेव्हा फोटो खोटा नाही. पण 'डोळ्यांना असेच दिसेल' असे सांगून कोणी तिकीट विकत असेल, तर ते बोलणे खोटे. शिवाय घरी परतल्यावर काही जण संगणकावर रंग जास्त गडद करतात, तो भाग वेगळा. आजी निम्मी बरोबर होती आणि नातूही निम्मा बरोबर होता.

हा उजेड आपल्या मुलखाला अगदीच परका नाही, बरे का. ४ फेब्रुवारी १८७२ रोजी सूर्याने असा काही जोर केला की ध्रुवीय प्रकाश मुंबईतही दिसल्याची नोंद आहे. १८५९ साली झालेल्या प्रचंड चुंबकीय वादळाचे मोजमाप मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने टिपून ठेवले, आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या आकड्यांचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने उपकरणे बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेले. ते तिथे आजही चालू आहे. मे २०२४ मधल्या मोठ्या सौर वादळात लडाखच्या हानले गावाहून क्षितिजाजवळचे तांबडे आभाळ कॅमेऱ्यांनी टिपले.

नॉर्वेचे तिकीट आपल्याला परवडणारे नाही, हे खरे. पण कळशीचा प्रयोग फुकट करता येतो. येत्या अमावास्येला पोरांना आणि आजीला घेऊन गावाबाहेरच्या खळ्यावर जा. बॅटरी विझवा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. मोबाईल दगडाला टेकवून रात्रीच्या फोटोची कळ लावा आणि दहा सेकंद हात लावू नका. मग चित्रातल्या चांदण्या मोजा आणि वर बघून आभाळातल्या मोजा. चित्रात जास्त निघतील. त्या तिथे रोजच असतात, हे आजीला तिथेच दाखवा.